नावाची पट्टी

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. जळालेली पाण्याची मोटार मालक समोर असल्याशिवाय उघडायची नाही. नियम माझा नव्हे, माझे उस्ताद कलीमचाचा यांचा. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे वाइंडिंग, म्हणजे मोटारीत तांब्याची तार भरायचं काम, शिकायला बसलो, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी हातात तार दिली नाही, हा नियम दिला. मला तेव्हा तो फालतू वाटला. मालकाला आतलं काय कळतं? त्याला सगळं काळंच दिसणार. उस्ताद म्हणाले, त्याला कळत नाही म्हणूनच त्याच्यासमोर उघडायची, कारण एकटा उघडणारा कारागीर स्वतःच्या सोयीचं वाचतो.

हो, जळालेली मोटार वाचता येते. विजेच्या तिन्ही फेजची तारेची वेटोळी सारखी काळी पडली असतील, तर मोटारीवर झेपणार नाही इतका भार आला. एकाच जागी डाग असेल तर वाइंडिंग करणाऱ्याच्या हाताची चूक. आणि दोन फेजची वेटोळी कोळसा, पण तिसऱ्याची लख्ख तांब्याची दिसली, तर समजायचं की मध्येच एक फेज गेला आणि मोटार उरलेल्या दोनवर जीव काढत चालत राहिली. यात वकील लागत नाही की साक्षीदार लागत नाही.

दुसरा नियम पट्टीचा. दुरुस्त केलेल्या मोटारीला आम्ही ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी तारेनं बांधतो. तिच्यावर अक्षर कोरलेल्या लोखंडी पंचांनी, हातोडीनं ठोकलेलं नाव, महिन्याचा आकडा आणि फोन नंबर. वर्षाच्या आत मोटार जळाली तर पट्टीवर ज्याचं नाव त्यानं ती परत घ्यायची आणि तोंड वाकडं करायचं नाही. बीडमध्ये बार्शी नाक्याजवळच्या माझ्या दुकानातून या गोष्टीआधी जेवढ्या मोटारी गेल्या त्यांच्या पट्ट्यांवर एकच नाव होतं, जमील. म्हणजे मी.

यातली एक गोष्ट आता सांगून टाकतो, नाहीतर पुढे सांगायला लाज वाटेल. गेल्या सात वर्षांत त्यातल्या निम्म्या मोटारी माझी मुलगी हुस्ना हिनं भरल्या आहेत. आयटीआय करून आली आणि माझ्या समोरच्या स्टुलावर बसली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. वेटोळी खाचेत बसवताना ती तारेला ओरखडा पडू देत नाही. एकदा तिनं विचारलं होतं, "अब्बा, मी भरलेल्या मोटारीला माझी पट्टी लावू?" मी म्हणालो, शेतकरी बाईमाणसाचं नाव बघून मोटार दुसरीकडे नेतील. तिनं पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

पण पोरगी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिनं फोनवर एक ग्रुप काढला, 'मोटार-पाणी' नावाचा. गेवराईपासून पाटोद्यापर्यंतचे नऊशेवर शेतकरी त्यात आले. कुणाची मोटार गुणगुणते, कुणाची पाणी उचलत नाही, कुणाच्या स्टार्टरमधून वास येतो, सगळे तिथं विचारायचे. हुस्ना वेटोळी भरता भरता उत्तरं द्यायची. पैसा नाही, पाणी नाही. मी चिडवायचो, "दुकान फुकट वाटायला काढलंय का तुझ्या बापानं?" पण बाजारात कुणी "मास्तरणीचे अब्बा ना तुम्ही?" असं विचारलं की मी उगाच पाच मिनिटं जास्त थांबायचो. मास्तरीण हे नाव तिला ग्रुपवाल्यांनीच दिलं होतं, कारण कुणी चुकीचा सल्ला दिला की ही दोन मिनिटांत त्याचा कान धरायची. 'हे करू नका. माणूस जाईल.' एवढंच लिहायची, आणि नऊशे माणसं ऐकायची.

फेब्रुवारीच्या अखेरीस रजिस्टर पोस्टानं एक पाकीट आलं. गेवराईच्या एका वकिलाची नोटीस. चकलांब्याचे शहादेव नावाचे मोसंबीवाले शेतकरी होते, त्यांच्या वतीनं. नोटिशीचा मथितार्थ असा: तुमच्या ग्रुपवर मिळालेल्या सल्ल्यानुसार आमच्या अशिलानं स्टार्टरमध्ये बदल केला, त्यामुळे मोटार जळाली, ऐन बहरात बागेला पाणी मिळालं नाही, फुलगळ झाली. सल्ला देणाऱ्याचं नाव-गाव सापडत नाही. ग्रुप तुम्ही चालवता, म्हणून जबाबदार तुम्ही. भरपाई द्या, नाहीतर दावा करू आणि विद्युत निरीक्षकांकडे तक्रारही करू.

मला खरी भीती वाटली ती त्या शेवटच्या ओळीची. हुस्नानं वायरमनच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. परीक्षा झाली होती, कागद हातात यायचा राहिला होता. तो आला की ती घरांची, शाळांची, दवाखान्यांची कामं स्वतःच्या सहीनं घेऊ शकणार होती. आमच्या आळीत तोवर एकाही मुलीच्या नावानं तो कागद आलेला नव्हता. त्याच वेळी तिच्या नावानं तक्रार गेली असती, तर पुढे काय झालं असतं कोण जाणे.

सल्ला देणाऱ्याचं ग्रुपमधलं नाव होतं 'वायरिंग किंग'. फोटो वाघाचा. शहादेवनं विचारलं होतं की स्टार्टरमधला प्रिव्हेंटर सारखा मोटार बंद पाडतोय, काय करू. प्रिव्हेंटर म्हणजे एक फेज गेला की मोटार तिथल्या तिथं बंद करणारी छोटी डबी. ती पुन्हा पुन्हा बंद पाडत असेल तर लाइनमध्ये दोष आहे, ते बघायचं असतं. पण वाघोबांनी लिहिलं: 'काढून टाका ती डबी. रिले-बिले सगळं डायरेक्ट जोडा. पंधरा वर्षांचा अनुभव आहे, माझी गॅरंटी.' मोटार जळाल्याचं शहादेवनं ग्रुपवर लिहिलं, त्याच दिवशी गॅरंटीवाला ग्रुप सोडून गेला आणि त्याचा नंबरही बंद झाला.

हुस्नाची शाळेपासूनची मैत्रीण योगिता बीडच्या कोर्टात वकिली करते. नोटीस वाचून ती हसली.

"चाचा, घाबरू नका. ग्रुप चालवते म्हणून दुसऱ्यानं लिहिलेल्याला ही जबाबदार होत नाही, कोर्टांनी हे सांगितलंय. हिनं त्याच्याशी मिळून ठरवून केलं असतं तर गोष्ट वेगळी. जबाबदार असेल तर तो वाघ. स्वतःला जाणकार म्हणवून गॅरंटी दिली, समोरचा त्यावर विसंबला, नुकसान झालं. पण दावा लावायला नाव-पत्ता लागतो, वाघाच्या फोटोवर समन्स बजावता येत नाही. त्याच्या नंबराचा अर्ज मी सायबर पोलिसांना देते. आणि या नोटिशीला आपलं एकपानी उत्तर."

तिनं तिथंच लॅपटॉपवर उत्तर लिहिलं. त्यातलं एक वाक्य होतं, 'सदर संदेश माझ्या अशिलाच्या वाचनात आलेला नव्हता.'

हुस्नानं ते वाक्य दोनदा वाचलं. "हे काढ."

"का गं?"

"मी वाचलं होतं. त्याच सकाळी, त्यानं टाकल्या टाकल्या."

योगितानं लॅपटॉप खाली ठेवला. मी हुस्नाकडं बघत राहिलो. दुकानात कॉइल गुंडाळायचं यंत्र फिरत होतं, ते मी बंद केलं.

"बरं," योगिता जपून म्हणाली. "कुणी बघितलंय?"

"कुणी नाही. कुणी वाचलं ते फक्त पाठवणाऱ्याला दिसतं. तो तर पळाला."

"मग वाचलं नाही असं लिहू नको, मला खोटं लिहायचं नाही. पण वाचलं असंही लिहू नको. त्याबद्दल गप्प बसायचं. तो तुझा हक्क आहे."

हुस्ना म्हणाली, "गप्प बसले म्हणूनच तर हे झालं."

त्या वाक्यानं मला चटका बसला, कारण तिला गप्प बसवणारा मी होतो. जानेवारीत या वाघाची आणि तिची ग्रुपवर खडाजंगी झाली होती. तिनं त्याची चूक दाखवली तेव्हा त्यानं लिहिलं होतं, 'ताई, मोटारी राहू द्या, भाकरी थापा.' शंभरेक जणांनी हसरे चेहरे टाकले. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मी बाप, माझं डोकं फिरलं. म्हणालो, "त्याच्या नादी लागू नको. तो काय लिहील ते लिहू दे. तू बघायचंसुद्धा नाही." तिची आई जैनबबी म्हणत होती, पोरीला लढू दे. मी ऐकलं नाही. म्हणून महिनाभरानं वाघानं तो सल्ला टाकला तेव्हा तिनं वाचला, बोटं उचलली आणि माझं ऐकून पुन्हा खाली ठेवली.

त्या रात्री घरी मी तिला स्पष्टच सांगितलं. घरात आम्ही आमच्या दखनीत बोलतो, इथं मराठीत सांगतो. म्हणालो, "नाही वाचलं म्हण. कोण विचारणार आहे? परवाना हातात येऊ दे, मग काय सत्य बोलायचं ते बोल."

ती म्हणाली, "अब्बा, शहादेवकाकांनी नोटिशीत एक गोष्ट लिहिली आहे. मी चुकीच्या सल्ल्यावर नेहमी ओरडते, या वेळी ओरडले नाही, म्हणून त्यांना तो सल्ला बरोबर वाटला. यात काय खोटं आहे?"

यात खोटं काहीच नव्हतं. मी पाणी प्यायलो आणि झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी तिनं सरळ शहादेवलाच फोन लावला. मोटार कुठं दुरुस्तीला टाकलीय, विचारलं. तो फोनवर इतका ओरडला की मला लांबून ऐकू आलं. मोटार विहिरीवरच पडली होती. वकिलानं सांगितलं होतं, हात लावू नका, पुरावा आहे. तिकडं पुरावा सांभाळायच्या नादात बाग वाळत होती आणि शेजाऱ्याच्या मेहरबानीनं दिवसाआड तासभर पाणी मिळत होतं.

हुस्ना म्हणाली, "काका, पुरावा तुमच्यासमोर उघडू. फोटो काढू, काय दिसतं ते लिहून घेऊ, तुम्ही सही करा, मीही करते. पाहिजे तर तुमच्या वकिलांना घेऊन या. पण मोटार आणा. फुलं वकिलाची वाट बघत नसतात."

शहादेव म्हणाला, "उद्या सांच्याला पिकअपमधी टाकून देतो. मी परवा सकाळी येतो. माझ्याबिगर पाना लावायचा न्हाई."

मोटार आली. दुकानाच्या मध्यभागी रात्रभर पडून राहिली. आता जे सांगतो ते मी जैनबबीलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. सकाळी फजरची नमाज झाल्यावर मी घरी न जाता सरळ दुकानात आलो. शटर अर्धं वर केलं. मनात हिशेब असा होता: आत तिन्ही फेज काळे निघाले तर प्रश्नच नाही, मोटार भारानं जळाली, सल्ल्याचा संबंध संपला. आणि दोन काळे, एक लख्ख निघाला, तर छिन्नीनं वेटोळी कापून काढायला मला वीस मिनिटं लागतात. तांब्याचा ढिगारा करून पेटवला की सगळंच काळं, मग कुठला फेज कुठला हे माझ्या उस्तादांनाही सांगता आलं नसतं. शहादेवला म्हणालो असतो, वेळ वाचावा म्हणून काढून ठेवलं.

मी पाना लावला. दोन बोल्ट निघाले. तिसऱ्याला जंग होता.

"अब्बा."

हुस्ना शटरखालून वाकून आत आली होती. तिच्या हातात चहाची किटली होती. तिनं ती खाली ठेवली, मोटारीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"किती काढले?"

"दोन."

"लावा परत."

आवाज चढवला नाही, रडली नाही, मला काही सुनावलंही नाही. मी चाळीस वर्षं मोटारींत हात घातलेला कारागीर, त्या दुकानाचा मालक, खाली बसलो आणि दोन्ही बोल्ट माझ्या हातानं परत आवळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगतो, त्या लाजेच्या तळाशी कुठंतरी छाती भरूनही येत होती. उस्तादांचा नियम मी पोरीला शिकवला होता. तो माझ्या हातून सुटला आणि तिच्या हातून सुटला नाही.

नऊच्या सुमारास शहादेव आला. उंचापुरा, पांढऱ्या मिशांचा, चेहऱ्यावर वळवाचं आभाळ. बरोबर त्याची बायको जानकीबाई. वकील आणला नव्हता. आमच्याकडून योगिता वही-पेन घेऊन बसली होती. शहादेवनं माझा चहा नाकारला, जानकीबाईनं घेतला.

हुस्नानं बोल्ट काढले. झाकण ओढलं. जळक्या वार्निशचा वास दुकानभर पसरला. मी दुवा करत होतो, सगळं काळं निघू दे.

दोन फेज कोळसा. तिसरा लख्ख.

शहादेव वाकून बघत होता, पण त्याला त्यातलं काही कळत नव्हतं हे दिसत होतं. "जळाली हे तर मला ठाऊकच हाय," तो म्हणाला. "त्यात काय नवं?"

दुकानात हे वाचता येणारी दोनच माणसं होती, आणि दोघं एका घरातली. हुस्नानं स्क्रूड्रायव्हरचं टोक वेटोळ्यांवर ठेवलं.

"काका, हे बघा. ही दोन काळी, ही एक चांगली. मोटार भारानं जळली असती तर तिन्ही काळी झाली असती. एक फेज गेलता आणि मोटार चालूच राहिली. डबी जागेवर असती तर मोटार तिथंच बंद पडली असती. डबी काढायचा सल्ला मिळाला, म्हणून ती जळाली. योगिता, लिहून घे."

योगितानं माझ्याकडं बघितलं, डोळे मिटले आणि लिहून घेतलं.

शहादेव काही बोलायच्या आत जानकीबाईनं चहाचा कप खाली ठेवला. "पोरी, एक इच्यारते. खरं सांग. तो मेसेज तू वाचलाता का?"

नोटिशीत शंभर शब्द होते, पण खरा प्रश्न हा एकच होता. योगितानं हुस्नाच्या दंडाला हात लावला.

"वाचलाता, मावशी. त्यानं टाकला तवाच."

"मग कावून गप बसलीस?" शहादेव ओरडला. रस्त्यावरचे दोघं थांबून आत बघायला लागले. "आँ? बाकीच्यावर तर लई वरडतीस! मी दिवसभर वाट पाह्यली. म्हणलं मास्तरीण काय बोलती का बगू. सांच्यालोक तू काय लिवलं न्हाईस, तवा मी पाना लावला! माझी बाग गेली असती म्हंजे?"

हुस्ना मागं सरली नाही. "चुकलं माजं. त्या माणसानं आदी माजा अपमान केलता, म्हणून त्याला उत्तर द्यायचं न्हाई ठरवलंतं. ते उत्तर त्याला न्हवतं द्यायचं, तुमाला द्यायचं होतं. हे मला कळायला पायजे होतं. नोटिशीच्या उत्तरात मी हेच लिवणार हाय, सहीनिशी. तक्रार करायची तर करा. आन मोटार मी आजच भरायला घेते, तिचं काय घेणार न्हाई."

तिनं सगळं स्वतःवर घेतलं. माझं नाव कुठंही घेतलं नाही. पोरीनं बापाला झाकलं, आणि मी सकाळी पाना घेऊन काय झाकायला बसलो होतो? मला राहवलं नाही.

"शहादेवराव," मी उठलो, "तिला गप बसवणारा मी हाय. त्याच्या नादी लागू नगं, असा सल्ला म्याच दिलता. तो वाघ परका होता, त्याला नाव न्हाई न गाव न्हाई. मी तर तिचा बाप हाय. चुकीचा सल्ला माजाबी हाय, तुमच्या नोटिशीत माजं नाव घाला. आन अजून एक. आज सकाळी ही मोटार मी एकटा उघडायला बसलतो. दोन बोल्ट काडलेते. हिनं परत लावायला लावले."

योगितानं पेन खाली ठेवलं. एका वकिलाच्या देखत एवढं खरं बोललं गेलेलं तिला बहुतेक पहिल्यांदाच ऐकायला मिळालं असावं. हुस्ना माझ्याकडं अशी बघत होती की मला तिच्याकडं बघवेना.

शहादेव स्टुलावर बसला. जानकीबाईनं नवऱ्याकडं वळून पदर खोचला.

"आता तुमीबी सांगा की."

"काय सांगू?"

"ते पावसाळ्यातलं. सांगा, न्हाईतर मी सांगते."

शहादेवनं मिशीवरून हात फिरवला. बायकोवर डोळे वटारले, त्याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

"गेल्या पावसाळ्यात," तो जमिनीकडं बघत म्हणाला, "हिनं ग्रुपवर लिवलंतं. डबी कुणी काडू नका म्हणून. लई मोठं लिवलंतं, फोटोसकट. मी वाचलंतं. वकिलाला हे म्या सांगितलं न्हाई."

"तरी काडली?" हुस्नाचा मास्तरणीचा आवाज परत आला.

"अगं, वाघ गॅरंटी म्हणला ना! आन तुजं ऐकायचं म्हंजे लाइनमन बोलवा, तार तपासा, चार दिस हेलपाटे. त्याचं ऐकायचं म्हंजे एक वायर." त्यानं हात झटकला. "सोपं ते खरं वाटतंय माणसाला."

जानकीबाई म्हणाली, "आन हे वाक्य नोटिशीत न्हाई बरं का." मग आधी योगिता हसली, तिच्यामागून हुस्ना. शहादेवनं हसू मिशीत दाबलं आणि चहा मागितला.

मोटार भरायला हुस्नाला दीड दिवस लागला. जुनी वेटोळी काढली, वेढे मोजले, नवी भरली, वार्निश करून सुकवली. मी नुसता बघत बसलो. मध्ये एकदा मदत करू का विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही बोल्टांपासून लांब राहा." मी ऐकून घेतलं. ते ऐकून घ्यायची माझी लायकी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी शहादेव मोटार न्यायला आला. चाचणी झाली, मोटार मांजरीसारखी गुरगुरत चालली. मी सवयीनं पट्टी काढली, पंचांचा डबा उघडला. इंग्रजी अक्षरांचे सव्वीस पंच. माझ्या नावातली पाच अक्षरं वर्षानुवर्षं ठोकून ठोकून डोक्याला चपटी झालेली, पांढरी पडलेली. बाकीच्यांवर कारखान्यातलं काळं तेल अजून तसंच. मी 'जे'चा पंच उचलला.

"थांबा," शहादेव म्हणाला. "मोटार कुणी भरली?"

"हुस्नानं."

"मग नाव कुणाचं ठोकताय?"

मी म्हणालो, "शहादेवराव, तुमाला चालंल?"

"जमीलभाई, मी बिननावाच्या माणसाचं ऐकलं आन मोटार जाळली. आता माझ्या मोटारीवर मला त्या माणसाचं नाव पायजे, जे स्वतःच्या विरुद्ध जाऊनबी खरं वाचतंय."

मी 'जे' खाली ठेवला. एच, यू, एस, एन. चारही पंच कोरे, तेल बोटांना लागत होतं. फक्त ए तेवढा आमच्या दोघांच्या नावातला, झिजलेला. मी हातोडी हुस्नापुढं धरली. ती म्हणाली, "तुम्हीच ठोका, अब्बा." आणि मी ठोकलं. एसचा पंच हाताला नवा, त्यामुळे तो जरा तिरका बसला आहे. चकलांब्याला कुणी गेलं तर बघून यावं.

शहादेवनं त्याच आठवड्यात नोटीस मागं घेतली. हुस्नानं तरीही आपलं उत्तर पाठवलंच, सगळं खरं लिहून. निरीक्षकांकडं तक्रार गेली नाही आणि उन्हाळ्यात परवाना घरी आला. जैनबबीनं तो कागद आधी आंधळ्या शेजारणीला हातानं चाचपू दिला, मग मला दाखवला. वाघाचा पत्ता अजून लागलेला नाही. योगिता म्हणते अर्ज चालू आहे, आणि ती सोडणार नाही.

हुस्नानं ग्रुपवर एकच नवा नियम लावला. सल्ला द्यायचा तर आधी स्वतःचं नाव आणि गाव लिहायचं. ज्याला हे जमत नाही त्यानं फक्त वाचायचं. पहिल्या दिवशी साठ जण ग्रुप सोडून गेले. बाकीचे गप्प होते, बघू कोण आधी लिहितं.

संध्याकाळी मोटारीचा फोटो आला, पट्टी दिसेल असा जवळून काढलेला. मागं मोसंबीची हिरवी झाडं. खाली लिहिलं होतं: 'नाव शहादेव, गाव चकलांबा. स्टार्टरमधली डबी काढू नका. मी काढलती.'

मी त्या ग्रुपमध्ये पहिल्या दिवसापासून होतो, पण तीन वर्षांत एक अक्षर लिहिलं नव्हतं. चष्मा लावला. एका बोटानं टाइप करायला मला बराच वेळ लागला. समोर हुस्ना वेटोळी भरत होती, तिला काही माहीत नव्हतं. मग तिचा फोन वाजला, तिनं तो उचलून बघितला आणि हातातली तार सोडून दिली.

मी लिहिलं होतं: 'नाव जमील, गाव बीड. सल्ला एकच, माझ्या पोरीचं ऐका. मी ऐकलं नव्हतं.'